स्वामी रामानंदतीर्थ आणि अपुरा राहिलेला न्याय

सप्टेंबरच्या १७ तारखेस जालन्याच्या टाऊन हॉलच्या आवारातील स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी निशाण चढते, हुतात्म्यांस मानवंदना दिली जाते, आणि घटका दोन घटकांत मंडळी पांगून मोंढ्यातील व्यवहार पूर्ववत सुरू होतात. मामा चौकातून दिवसातून दहा वेळा जाणाऱ्या आमच्या बांधवांपैकी किती जणांस तो चौक हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकरांचे नाव सांगतो, याची आठवण राहिली असेल, अशी आम्हांस शंका वाटते. उत्सव करणे वाईट नव्हे. परंतु ज्या जुलमातून सुटल्याचा तो उत्सव, त्या जुलमाचा जाब कोणी कोणास विचारला काय, हा प्रश्न विचारल्यावाचून उत्सव पुरा होत नाही. या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस स्वामी रामानंदतीर्थांच्या चरित्राहून अधिक उपयुक्त साधन दुसरे दिसत नाही.

जालना जिल्हा १९८१ साली निर्माण झाला. त्यापूर्वी जालना औरंगाबाद जिल्ह्यात व परतूर परभणी जिल्ह्यात मोडत असे, आणि १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जुन्या पेढ्यांच्या वह्या ज्यांनी चाळल्या असतील, त्यांस हाली शिक्का आणि कलदार यांचा हिशेब व करोडगिरीचा जाच ठाऊक असेल. तथापि व्यापाऱ्यास जकात जाचते त्याहून कितीतरी अधिक माणसास तोंड बंद ठेवणे जाचते. १९२९ साली निघालेल्या गस्ती क्रमांक ५३ च्या हुकमाने सरकारी परवानगीवाचून सभा भरविणे अशक्य करून टाकले. बाहेरच्या वर्तमानपत्रांस वारंवार प्रवेशबंदी होई, प्रजेस उत्तरदायी असे मंत्रिमंडळ नव्हते, आणि मराठी मुलाने उच्च शिक्षण घ्यावयाचे तर ते उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून. १९३८ साली औरंगाबादच्या कॉलेजातील व उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात वंदे मातरम् म्हटले, एवढ्या अपराधासाठी त्यांस काढून टाकण्यात आले. ज्याने हुकूम काढावा, त्यानेच तो मोडणाऱ्याचा न्याय करावा, आणि त्या न्यायावर दाद मागण्यास जागा असू नये, अशी ती राज्यव्यवस्था होती.

या व्यवस्थेशी झुंजण्यास जो पुरुष पुढे आला, तो जन्माने संस्थानातील नव्हता. व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. शिक्षण सोलापुरास होत असता १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले, आणि या सतरा वर्षे वयाच्याही आतल्या मुलाने आजन्म ब्रह्मचर्य पाळून देशकार्य करण्याची प्रतिज्ञा केली. पुढे असहकाराच्या चळवळीत त्याने सरकारी शाळा सोडली, राष्ट्रीय शिक्षणाचा मार्ग धरला, पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला, आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम केले. प्रतिज्ञा पुष्कळ जण करतात. ती एक्कावन्न वर्षांहून अधिक काळ पाळणारे विरळा. स्वामीजींची गणना या दुसऱ्या वर्गात करावी लागते.

१९२९ साली ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले, आणि हिप्परग्याच्या या वास्तव्यातच संन्यास घेऊन रामानंदतीर्थ हे नाव त्यांनी धारण केले. नंतर मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, योगेश्वरी विद्यालय त्यांनी नावारूपास आणले. संन्यास म्हणजे जगाकडे पाठ फिरविणे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. या संन्याशाने घरदार सोडले ते लोकांच्या घरादाराची काळजी वाहण्यास मोकळीक मिळावी म्हणून. भगव्या वस्त्राचा याहून चांगला उपयोग आमच्या पाहण्यात नाही.

१९३७ साली परतूर येथे हैदराबाद संस्थानातील महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. आपल्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मराठवाड्याच्या राजकीय जागृतीची ही पहिली बैठक झाली, याचा अभिमान परतूरकरांनी अवश्य बाळगावा. पुढल्या वर्षी लातूरच्या अधिवेशनापासून परिषदेच्या कामाचा भार स्वामीजींनी अंगावर घेतला आणि शाळा सोडली. त्याच वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरले, तो संस्था जन्मास येण्यापूर्वीच सप्टेंबर १९३८ मध्ये सरकारने तिजवर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजींस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहात ते पुन्हा तुरुंगात गेले.

या ठिकाणी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. सरकारचा स्टेट काँग्रेसवर मुख्य आक्षेप ती जातीय आहे, हा होता. त्याच वेळी आर्य समाज व हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. आपला लढा धर्माधर्मातील नसून प्रजेच्या हक्कांचा आहे, याविषयी कोणाच्या मनात संशय राहू नये म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबर १९३८ मध्ये आपला सत्याग्रह तहकूब केला. शेकडो कार्यकर्ते तुरुंगात असता हे पाऊल उचलणे सोपे नव्हते. परंतु राजा मुसलमान आहे म्हणून त्याला विरोध करणे निराळे, आणि तो बेजबाबदार आहे म्हणून विरोध करणे निराळे. हा भेद ज्यांनी जपला, त्यांत स्वामीजी अग्रभागी होते.

१९४६ साली बंदी उठली व स्वामीजी अध्यक्ष झाले. जून १९४७ मध्ये हैदराबाद येथील अधिवेशनाने हिंदी संघराज्यात सामील होण्याची मागणी केली. १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगी निशाण फडकाविल्याबद्दल स्वामीजींस पकडण्यात आले, आणि मधला थोडा काळ सोडला तर संस्थानाच्या शरणागतीपर्यंत ते कैदेतच होते. या तेरा महिन्यांत बाहेर काय चालले होते, ते मराठवाड्यातील जुन्या घराण्यांत अजून सांगितले जाते. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांस सरकारचा वरदहस्त मिळाला. गावे लुटली गेली, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. बीदर जिल्ह्यातील गोरटा या गावी मे १९४८ मध्ये झालेली कत्तल प्रसिद्धच आहे. हजारो कुटुंबे सरहद्दीपलीकडे सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड या बाजूंस आश्रयास गेली. रझाकारांचा निषेध करणाऱ्या मुसलमानासही क्षमा नव्हती. इमरोज या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांस ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या भर रस्त्यात ठार मारून त्यांचा हात तोडण्यात आला. ज्या हाताने लिहिले, तो हातच मारेकऱ्यांस भयंकर वाटला, यात सर्व काही आले. वर्तमानपत्राचा धंदा करणाऱ्या आम्हां मंडळींस हे नाव विसरणे शोभणार नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा संस्थानात शिरल्या, दोन दिवसांत जालना त्यांच्या ताब्यात आले, आणि १७ तारखेस निजाम शरण आला. स्वामीजी तुरुंगातून सुटले. आता न्याय होईल, असे पीडितांस वाटणे साहजिक होते. झाले काय, ते वाचकांनीच पाहावे. ज्याच्या फर्मानाने हे सर्व राज्य चालत होते, तो मीर उस्मान अलीखान २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला व त्या पदावर १९५६ पर्यंत राहिला. ते पद संपले तेही कोणत्या न्यायालयाच्या निकालाने नव्हे, तर स्वामीजींनी आग्रहाने पुरस्कारिलेल्या भाषावार प्रांतरचनेने. त्याचा दिवाण लायक अली नजरकैदेतून मार्च १९५० मध्ये निसटून पाकिस्तानात गेला. रझवीस बीबीनगरच्या दरोड्याबद्दल शिक्षा झाली, १९५७ साली तो सुटला व पाकिस्तानात जाऊन राहिला. एवढ्या मोठ्या रक्तपाताचा आणि होळीचा जमाखर्च एका दरोड्याच्या खटल्यात मांडला गेला, हे कोणत्या व्यापाऱ्यास पटेल?

परंतु आम्ही येथेच थांबलो, तर आमच्याच बाजूचे पारडे जड केल्याचा दोष आम्हांस लागेल. शरणागतीनंतरच्या दिवसांत मराठवाड्यात व लगतच्या भागांत सूडाची जी लाट उठली, तीत रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेले असंख्य मुसलमान मारले गेले. हिंदुस्थान सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांस चौकशीस पाठविले. नोव्हेंबरअखेरीपासून २१ डिसेंबर १९४८ पर्यंत ते संस्थानभर हिंडले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागल्याचे त्यांस आढळले, आणि एकंदर प्राणहानी निदान सत्तावीस ते चाळीस हजारांची असावी, असा अंदाज त्यांनी केला. मुसलमान शेजाऱ्यांस जिवावर उदार होऊन वाचविणारे हिंदूही त्यांस भेटले. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही, आणि तो अभ्यासकांच्या हाती पडण्यास कित्येक दशके जावी लागली. अर्थात पहिल्या अपराधाचा झाडा अपुरा राहिला, आणि दुसऱ्याचा तर कागदच कपाटात गेला. पहिल्याबद्दल बोलावे आणि दुसऱ्याबद्दल मौन धरावे, किंवा दुसऱ्याबद्दल बोलून पहिले झाकावे, हे दोन्ही प्रकार आम्ही सारखेच त्याज्य मानतो. विधवेचे अश्रू कोणत्या धर्माचे, हे विचारणारा न्याय हा न्यायच नव्हे.

होऊन गेले ते गेले, जुनी मढी कशास उकरावी, असे आमचे काही व्यवहारी मित्र म्हणतील. त्यांनी दक्षिण अमेरिकेकडे पाहावे. तेथील आर्जेंटिना देशात १९७६ पासून १९८३ पर्यंत लष्करी अंमल होता, व त्यात हजारो माणसे नाहीशी करण्यात आली. त्यांच्या आया १९७७ पासून डोईस पांढरे रुमाल बांधून राजधानीच्या चौकात दर आठवड्यास फेरी घालू लागल्या. लोकसत्ता आल्यावर १९८५ साली सेनापतींवर उघड खटला चालला व शिक्षा झाल्या. पुढे कायदे करून व माफी देऊन ते सर्व धुऊन टाकण्याचा प्रयत्न झाला. परंतु आयांनी फेरी सोडली नाही. २००५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द ठरविले, आणि एकेकाळचा सर्वाधिकारी व्हिदेला २०१३ साली तुरुंगात मरण पावला. शेजारच्या चिली देशात पिनोशेच्या सरकारने १९७८ साली आपल्याच हाताने आपणांस माफी करून घेतली, आणि तो २००६ साली कोणतीही शिक्षा न भोगता वारला. दोन्ही देशांत दुःख सारखेच होते. फरक एवढाच की, एका ठिकाणी राज्यकर्त्यास स्वतः पिंजऱ्यात उभे राहावे लागले. ज्या देशात हे एकदा घडते, तेथील पुढच्या सत्ताधीशास हुकमावर सही करताना हात आखडावासा वाटतो. ज्या देशात ते घडत नाही, तेथे जुलमास जणू पिढीजात वतन मिळते.

स्वामीजींनी स्वतः सत्तेचा मोह धरला नाही. १९५२ साली गुलबर्ग्याहून व १९५७ साली औरंगाबादेहून ते लोकसभेवर निवडून गेले खरे, पण मन रमले ते शिक्षणात. १९५० साली नांदेड एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, ती त्यांच्याच प्रेरणेने. खादी व भूदान ही कामे त्यांनी अखेरपर्यंत केली. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांनी देह ठेवला. आज नांदेडचे विद्यापीठ व अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांचे नाव धारण करीत आहेत. नाव देणे सोपे असते. त्या नावाचा अर्थ पाळणे कठीण.

तो अर्थ आमच्या मते असा आहे. स्वामीजी ज्यासाठी वारंवार तुरुंगात गेले, तो राजा बदलण्याचा प्रश्न नव्हता. जो कोणी राजा होईल, त्यास प्रजेपुढे जाब द्यावा लागेल, हा होता. कोठडीत संशयिताचा मृत्यू झाला, दंग्यात वस्ती जळाली, अथवा दुबळ्याच्या शेतावर दांडग्याने नांगर फिरविला, तर आपण प्रथम मेलेल्याची जात आणि मारणाऱ्याचा पक्ष विचारतो की काय, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. तसे विचारत असू, तर १७ सप्टेंबरचे निशाण आपण नुसतेच दोरीने वर ओढतो.

जालना, परतूर, अंबड, भोकरदन या भागांतील घराघरांत त्या दिवसांच्या आठवणी ऐकलेली माणसे अद्याप आहेत. त्या आठवणी, दोन्ही बाजूंच्या, लिहून ठेवण्याचे काम येथील शाळांनी, वाचनालयांनी व व्यापारी मंडळांनी हाती घ्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. अपराध्यांपैकी बहुतेक आता कोणत्याही न्यायालयाच्या हाती लागणार नाहीत. परंतु खरी नोंद करणे अजून आपल्या हाती आहे. ज्या बाजारपेठेत दिडकीचे देणेही पिढ्यान् पिढ्या वहीत राहते, तेथे माणसांच्या प्राणांचे खाते कोरे राहू नये.