डोंगरवाटांची प्रवासिनी पंडिता रमाबाई

पर्वतांची शिखरे चढून जाणाऱ्या, आणि त्यांतील काही आपल्या चढाईची हकीकत लिहून ठेवणाऱ्या स्त्रिया एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडील देशांत होऊन गेल्या. लूसी वॉकर नामक इंग्रज बाई इ. स. १८७१ मध्ये आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न शिखरावर पोहोचली. अमेरिकेतील फॅनी बुलक वर्कमन हिने १८९९ पासून काराकोरम पर्वतात चढाया करून त्यांवर ग्रंथ रचले. त्यांच्याबरोबर वाटाडे असत, हमाल असत व शिधाही असे. त्याच काळात आपल्या देशात एक मुलगी आईबापांसह घाट, अरण्ये व हिमालयाची थंडी पायांखाली घालीत होती. तिच्यापाशी वाटाड्या नव्हता आणि पुष्कळदा भाकरीही नव्हती. शिखर गाठण्याची हौस तिला नव्हती. तिला देव हवा होता. तीच पुढे पंडिता रमाबाई या नावाने जगास ठाऊक झाली.

आमच्या वर्धा जिल्ह्यातील वाचकांस डोंगर म्हटला म्हणजे आर्वी-आष्टीकडील टेकड्याच आठवतील. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागात गंगामूळ नामक अरण्यात झाला. तुंगा, भद्रा व नेत्रावती या नद्यांचा उगम तेथलाच. वडील अनंतशास्त्री, आडनावही योगायोगाने डोंगरेच. स्त्रीस संस्कृत शिकविणे हा त्या काळी मोठा अपराध समजत. शास्त्रीबोवांनी आपली तरुण पत्नी लक्ष्मीबाई हिस ते शिकविले, आणि लोकांचा विरोध सोसवेना तेव्हा तिला घेऊन रानात बिऱ्हाड केले. पहिल्या रात्री छप्परही नव्हते. दरीपलीकडे वाघ ओरडत होता. ती पोर पासोडीत गुरफटून भयाने भुईवर पडून राहिली आणि शास्त्रीबोवा उजाडेपर्यंत पहारा करीत बसले. याच मातेने पुढे पहाटेच्या वेळी रमाबाईंस श्लोक पढविले.

आल्यागेल्याच्या पाहुणचारात घर कर्जात बुडाले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्हुलीस वेताच्या पेटीत घालून ती पेटी माणसाच्या डोक्यावर दिली होती. तेथून सुरू झालेली वाटचाल वीस वर्षे थांबली नाही. क्षेत्राच्या ठिकाणी पुराण वाचावे व जे मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. ऐकणाऱ्यांस संस्कृत कळत नसे, आणि ते कळावे अशी अपेक्षाही कोणी धरीत नसे. कानावर पडले की पुण्य लागले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण बाईंच्या अखेरच्या कार्याशी तिचा संबंध आहे.

मग दुष्काळ आला. पैसा दानधर्मात गेला होता. शास्त्रे मुखोद्गत, पण हातांस कोणतेही काम ठाऊक नाही, आणि मजुरी करणे किंवा भीक मागणे कुलाभिमानास सोसत नाही, अशी त्या घराची स्थिती झाली. तिरुपतीच्या डोंगराजवळील रानात या कुटुंबाने अकरा दिवस पाणी, झाडपाला व मूठभर शिंदीची फळे यांवर काढले. १८७४ मध्ये पिता वारला, थोड्याच महिन्यांत माता वारली. तिरडी उचलण्यास चौघे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा बंधू श्रीनिवास, आणि चौथ्या रमाबाई; त्या ठेंगण्या, म्हणून आईचा भार त्यांनी खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. स्मशान तीन मैल दूर होते. पाठोपाठ वडील बहीणही पटकीने गेली.

उरलेली दोघे भावंडे उत्तरेकडे चालू लागली. दक्षिणेपासून काश्मीर व हिमालयापर्यंत, आणि तेथून बंगालपर्यंत त्यांची पायपीट चार हजार मैलांच्या वर झाली. झेलम नदीच्या काठी एका रात्री थंडी असह्य झाली व आसरा मिळेना, तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यांसारखे दोन खड्डे उकरले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. एवढे करूनही ज्या देवाच्या शोधार्थ ती निघाली होती तो त्यांस कोणत्याही शिखरावर किंवा तीर्थात सापडला नाही. शास्त्राने सांगितलेले सर्व केले आणि फळ मिळाले नाही, हा संशय त्यांच्या मनात तेव्हाच शिरला.

पुढील भाग आपल्या मंडळ्यांत बहुतेकांस परिचित आहे, म्हणून आम्ही तो थोडक्यात देतो. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या अन्य जातीच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. सिल्चर येथे बंगालीतील लूककृत शुभवर्तमान प्रथम त्यांच्या हाती आले. १८८२ मध्ये पती पटकीने वारले आणि मनोरमा ही लहान मुलगी पदरी राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परंतु कोणी वडील मंडळीने सांगितले एवढ्यावरून बाई कोणतेही मत मान्य करीत नसत. यावरून तेथील भगिनींशी त्यांचा बराच वाद झाला. आमच्या मते ज्या बापाने सभेपुढे आपले म्हणणे सोडले नाही, त्याचीच ही लेक होती. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि रॉकी पर्वत ओलांडून सान फ्रान्सिस्कोपर्यंत पोहोचल्या. १८८९ मध्ये त्या देशाच्या लोकस्थितीचे व प्रवासाचे मराठी पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. त्यात तेथील स्त्रियांच्या उद्योगाची स्तुती आहे, पण मूळ रहिवाशांवर व नीग्रो दासांवर झालेला जुलूमही झाकलेला नाही. त्याच वर्षी मुंबईत विधवांसाठी शारदासदन निघाले, व पुढे ते पुण्यास गेले.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आमचा वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. बाई पुण्याहून तिकडे गेल्या. गरीबखान्यांतून व रस्त्यांच्या कडेला त्यांनी ज्या मुली पाहिल्या, त्यांची ओळख त्यांस कोणी करून देण्याची गरज नव्हती. पाला खाऊन चालणे म्हणजे काय हे त्या जाणत होत्या. सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांस ठेवता येईना, म्हणून केडगाव येथील माळावर तंबू-झोपड्या उभ्या राहिल्या, तेच मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या व संख्या दीड हजारांवर गेली. तेथे केवळ पाठांतर नव्हते. शेत, माग, तेलाचा घाणा, छापखाना, यांपैकी काही ना काही प्रत्येकीच्या हातास लागलेच पाहिजे, असा बाईंचा कटाक्ष असे. तिरुपतीच्या रानातील ते अकरा दिवस त्या विसरल्या नव्हत्या.

शेवटची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राच्या भाषांतरास दिली. कानांनी ऐकू येईनासे झाले होते, तरी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अशिक्षित स्त्रीस समजेल अशा मराठीत ते उतरविण्याचा त्यांनी प्रयत्न केला. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी जड संस्कृत शब्द टाळले. मूळ शब्दास धरून चालण्याच्या आग्रहाने वाक्ये कोठे कोठे खडबडीत झाली आहेत, आणि मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर चालत राहिले, हे खरे. तथापि ज्या मुलीने श्रोत्यांस न कळणारी पुराणे वाचून पोट भरले, तिने म्हातारपणी शेतात खुरपणारीस कोणता शब्द कळेल हे शोधण्यात दिवस घालविले. खिळे जुळविणाऱ्या व पाने छापणाऱ्या मुक्तीच्याच मुली होत्या. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाई प्रभूत झोपी गेल्या. भाषांतर त्यांच्या हातून पुरे झाले होते. १९२४ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.