रॉजर विल्यम्स : दशाज्ञांच्या दोन पाट्या आणि सरकारची तलवार

देवाने मोशेच्या हाती दिलेल्या दहा आज्ञा दोन पाट्यांवर लिहिलेल्या होत्या, हे आमच्या वाचकांस शब्बाथशाळेपासून ठाऊक आहे. पहिल्या पाटीवर देवाविषयीची कर्तव्ये व दुसरीवर शेजाऱ्याविषयीची, अशी वाटणी शिक्षक करीत आले आहेत. या दोन्ही पाट्या सरकारने शिक्षेच्या धाकाने पाळवून घ्याव्या, की केवळ दुसरीच, या प्रश्नापायी ज्यांस आपले घर व पाळकपण सोडून बर्फातून पळावे लागले, त्या रॉजर विल्यम्स यांचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

विल्यम्स यांचा जन्म सुमारे १६०३ साली लंडन शहरी एका शिंपी-व्यापाऱ्याच्या घरी झाला. ज्या स्मिथफील्ड मैदानात राणी मेरीच्या अमदानीत प्रॉटेस्टंट रक्तसाक्षी जाळले गेले, ते त्यांच्या घराजवळच होते. पुढे १६१२ साली त्याच मैदानात बार्थॉलोम्यू लेगेट नावाच्या मनुष्यास पाखंडी मतासाठी जाळण्यात आले, आणि या वेळी गादीवर प्रॉटेस्टंट राजा होता. विल्यम्स तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होते. मुलगा लघुलेखनात निपुण असल्यामुळे प्रसिद्ध न्यायाधीश सर एडवर्ड कोक यांनी त्यास आश्रय दिला व शिकविले. १६२७ साली विल्यम्स केंब्रिजचे पदवीधर झाले, धर्मसेवेत शिरले, आणि १६३१ च्या फेब्रुवारीत पत्नी मेरी यांजसह अमेरिकेत बॉस्टन येथे उतरले.

तेथील मॅसॅच्युसेट्स वसाहतीचे पुढारी वाईट माणसे नव्हती, हे आम्ही आरंभीच सांगतो. जॉन विन्थ्रॉप व जॉन कॉटन ही प्रार्थनाशील व देवशब्दावर प्रीती करणारी माणसे होती. नव्या देशात इस्राएलासारखे देवाच्या नियमशास्त्राने चालणारे राज्य उभारावे, ही त्यांची इच्छा. मताचा अधिकार मंडळीच्या सभासदांसच होता. १६४१ साली त्यांनी जे कायदे केले, त्यांत देहान्त शिक्षेच्या जवळजवळ प्रत्येक गुन्ह्यापुढे शास्त्रातील अध्याय व वचन यांचा आकडा घातला होता, आणि पहिलाच गुन्हा अन्य देवाच्या पूजेचा होता.

बॉस्टनच्या मंडळीने देऊ केलेले काम विल्यम्स यांनी नाकारले. कारण ती मंडळी इंग्लंडच्या राजमंडळीपासून उघडपणे विभक्त झाली नव्हती. पुढे सेलम येथे सेवा करीत असता त्यांनी तीन गोष्टी निर्भयपणे शिकविल्या. पहिल्या पाटीवरील आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यास नाही. ज्याचे अंतःकरण पालटले नाही, त्यास देवाच्या नावाने शपथ घालू नये. कारण शपथ ही उपासनाच आहे. आणि इंडियन लोकांची जमीन दुसऱ्यास देण्याचा इंग्लंडच्या राजास काही एक हक्क नाही. या तिसऱ्या शिकवणीने अधिकाऱ्यांस पहिल्या दोहोंहून कमी राग आला असेल, असे आम्हांस वाटत नाही.

१६३५ च्या ऑक्टोबरात न्यायसभेने त्यांस हद्दपारीची शिक्षा दिली. त्यांस धरून जहाजावर घालण्यासाठी शिपाई येणार, असे कळताच १६३६ च्या जानेवारीत ते बर्फातून निघून गेले. वांपानोआग लोकांच्या सरदाराने, मासासॉइटने, त्यांस आसरा दिला. ख्रिस्ती बंधूंनी बाहेर घातलेल्यास ज्यांनी घरात घेतले, ते ख्रिस्ती नव्हते. वसंत ऋतूत नॅरगॅन्सेट सरदार कॅनोनिकस व मियान्टोनोमी यांच्या संमतीने जमीन मिळवून त्यांनी गाव वसविले व त्यास ईश्वरी तरतूद या अर्थाचे प्रॉव्हिडन्स हे नाव दिले. गावचा ठराव केवळ ऐहिक बाबींत बहुमत मानण्याचा होता.

या स्वातंत्र्याची परीक्षा लवकरच झाली. जॉशुआ व्हेरिन नावाचा रहिवासी आपल्या पत्नीस उपासनेस जाऊ देईना व तीस मारी. पत्नीने पतीच्या अधीन असावे ही देवाची आज्ञा असून तो आपल्या विवेकाप्रमाणेच वागतो, असे त्याच्या पक्षाचे म्हणणे पडले. गावाने १६३८ साली त्याचा मताधिकार काढून घेतला. विवेकाच्या नावाने दुसऱ्याचा विवेक बांधता येत नाही, हा निवाडा आमच्या खेड्यांतील कित्येक घरांतही वाचला जावा.

१६४३ साली सनद मिळविण्याकरिता विल्यम्स इंग्लंडास गेले. ती १६४४ साली मिळाली. त्याच वर्षी विवेकासाठी होणाऱ्या छळाविरुद्ध त्यांनी मोठे पुस्तक छापले, आणि पार्लमेंटने ते जाळविले. त्यातील विचार शास्त्रावरच उभारलेला आहे. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील निदणाच्या दृष्टांतात शेत म्हणजे जग, असे प्रभूने स्वतः सांगितले आहे. कॉटन निदणाचा अर्थ मंडळीतील ढोंगी लोक असा घेत. विल्यम्स यांनी प्रभूचा अर्थ धरून दाखविले की, जगात खोट्या उपासकास कापणीपर्यंत राहू द्यावे, अशी ही आज्ञा आहे. मग इस्राएलाच्या राजांचे काय? ते राष्ट्र, ती भूमी, ते राजे ही ख्रिस्ताच्या राज्याची छाया होती, असे ते म्हणत. ख्रिस्त आल्यावर कोणतेही राष्ट्र इस्राएल नाही. त्या तलवारीच्या जागी मंडळीस शब्द व शिस्त एवढेच दिले आहे. आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौलाने ज्या अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्यास सांगितले ते मूर्तिपूजक होते. म्हणून राज्याधिकार खऱ्या विश्वासावर अवलंबून नसतो.

आपल्यापैकी काही जणांस वाटते की, सरकारने रविवारचा बाजार बंद करावा, म्हणजे मंडळी भरेल. त्यांनी हे वाचून विचार करावा. शिपायाने आणून बसविलेला उपासक प्रभूस काय उपयोगी?

परंतु येथून काही लोक फारच पुढे गेले. सरकार जर विवेकास हात लावू शकत नाही, तर ते असावेच कशाला? १६५४-५५ च्या सुमारास विल्यम्स वसाहतीचे अध्यक्ष असता काहींनी गावच्या संरक्षणदलात जाण्याचे नाकारले, आणि अपराध्यास शिक्षा करणे हेच शुभवर्तमानाविरुद्ध आहे, असे मत पसरविले. आजही मनुष्य सर्वस्वी स्वतःचा धनी, कर म्हणजे लूट, असे मानणारा पक्ष जगात आहे, व त्यात ख्रिस्ती म्हणविणारेही आहेत. विल्यम्स यांनी गावास पत्र लिहून जहाजाचा दाखला दिला. जहाजावर रोमन कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट, यहूदी व तुर्क आहेत. कोणास जहाजाच्या प्रार्थनेस ओढू नये, कोणास स्वतःच्या प्रार्थनेपासून अडवू नये. परंतु जहाज कोठे न्यावे हे कप्तान ठरवील. नावाडी काम नाकारील, उतारू भाडे देणार नाही, कोणी दंगा करील, तर कप्तानाने त्यास आवरावे व शिक्षा करावी. आमच्या मते पवित्र शास्त्राची रेघ येथेच आहे. पौल त्याच अध्यायात कर देण्यास सांगतो, आणि शेजाऱ्याची वाटणी दुसऱ्या पाटीवर आहे, ती पुसता येत नाही.

बॉस्टनमध्ये १६५९ ते १६६१ या काळात चार क्वेकरांस फाशी देण्यात आले. विल्यम्स यांच्या वसाहतीत ते निर्भय राहिले. त्यांचे मत विल्यम्स यांस अगदी घातक वाटे. म्हणून १६७२ साली, सत्तरीच्या घरात असता, ते स्वतः होडी वल्हवीत न्यूपोर्ट येथे गेले व तीन दिवस क्वेकरांशी वाद घातला. भाषा कठोर वापरली. शिपाई बोलाविला नाही.

शेवटची वर्षे दुःखाची होती. १६७६ च्या युद्धात इंडियनांनी प्रॉव्हिडन्स जाळले. विल्यम्स यांचे घरही गेले. त्यानंतर पकडलेल्या इंडियनांस ठराविक वर्षांच्या चाकरीत देण्याची व्यवस्था ज्या मंडळाने केली, त्यात त्यांचे नाव आहे. ज्यांच्या झोपडीत त्यांनी हिवाळा काढला, त्यांच्याच जातभाईंविषयी हे घडले. हे आम्ही झाकीत नाही.

१६८३ च्या आरंभी ते वारले. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने त्यांच्या हद्दपारीचा हुकूम रद्द केला तो १९३६ साली, म्हणजे तीनशे वर्षांनी.