प्लेगची लस काढणारे हाफकिन साहेब

मंगळवेढ्याची काळी जमीन तिच्या ज्वारीसाठी साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेली आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेलेल्यांस मोकळी केली, ही कथा ह्याच गावची. आणि कोठारे भरलेली होती म्हणूनच ती घडली. परंतु जेथे पेव आहे तेथे उंदीर आहे, आणि जेथे उंदीर आहे तेथे त्याच्या अंगावरची पिसू आहे. इ. स. १८९६ पासून पुढच्या काही दशकांत ह्या साखळीने हिंदुस्थानातील एक कोटीहून अधिक माणसे नेली. दुसरा वैरी पाण्यातून येई. मंगळवेढ्याहून पंढरपूर सुमारे आठ कोस. विजापुराकडील वारकरी ह्याच वाटेने जात. ज्या वर्षी चंद्रभागेच्या वाळवंटात पटकी लागे, त्या वर्षी ती परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर वाटेवरच्या गावांत व त्यांच्या विहिरींत येऊन उतरे. मग भ्यालेले गावकरी मरीआईचा गाडा ओढून पुढल्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडीत, आणि ते गाव तसेच पुढे करी.

पटकी व प्लेग ह्या दोन्ही रोगांवरची लस ज्या एकाच गृहस्थाने हिंदुस्थानात तयार करून टोचली, त्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांचे नाव वाल्देमार हाफकिन. मुंबईस परळ येथील संस्थेवर ते नाव आजही आहे. पण त्या नावाचा मनुष्य कोण होता हे फारच थोड्यांस ठाऊक असते.

हाफकिन ह्यांचा जन्म इ. स. १८६० च्या मार्च महिन्यात काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरी एका यहुदी घराण्यात झाला. आज युक्रेन देशात असलेले हे शहर त्या काळी रशियाच्या बादशहाच्या अमलाखाली होते, आणि योगायोग असा की तेही धान्याचे मोठे बंदर होते. विद्यापीठात त्यांस मेचनिकॉफ ह्यांच्यासारखा थोर गुरू लाभला. रक्तातील पेशी रोगजंतूंस गिळून शरीराचे रक्षण करतात, हा शोध पुढे त्याच गुरूने लावला. परंतु ते दिवस यहुदी लोकांस फार वाईट होते. १८८१ साली ओडेसात त्यांच्या घरांवर जमाव चालून आले, तेव्हा हा तरुण विद्यार्थी आपल्या लोकांच्या रक्षणास उभा राहिला, जखमी झाला आणि तुरुंगात पडला. गुरूंच्या रदबदलीने तो सुटला. पुढे विद्वत्तेच्या बळावर अध्यापकाची जागा मिळण्याजोगी होती, पण तीसाठी रशियन मंडळीचा बाप्तिस्मा घेण्याची अट होती. ती अट त्यांनी नाकारली. जागेसाठी घेतलेला बाप्तिस्मा देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या दोघांच्याही कामाचा नसतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

देश सोडून ते आधी जिनेव्हास व १८८९ साली पॅरिसला पाश्चर ह्यांच्या संस्थेत गेले. तेथे मिळालेली पहिली जागा पुस्तकालयातली होती. दिवसा पुस्तके लावावी आणि उरलेल्या वेळात जंतूंवर प्रयोग करावे, असा त्यांचा क्रम होता. पटकीचा जंतू जर्मन पंडित कॉख ह्यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्यात दाखविला होता. रोग्याच्या जुलाबातून तो पाण्यात जातो व पाण्यातून निरोग्याच्या पोटात, हे तेव्हा ठाऊक झाले होते. पण निरोग्याचे शरीर आधीच सावध कसे करावे हे कोणास साधले नव्हते. हाफकिन ह्यांनी त्याच जंतूची लस बनविली. पहिले टोचणे कोणास करावे? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी स्वतःच्याच अंगात ती टोचून घेतली, ताप आला तो सोसला, आणि मगच मित्रांस टोचले.

ही चाल त्यांनी जन्मभर पाळली, व आमच्या मते त्यांच्या शोधाइतकेच मोल तिला आहे.

युरोपातील सरकारांनी त्यांच्या लशीस फारसा आश्रय दिला नाही. त्या वेळी पॅरिसात इंग्लंडचे वकील असलेले लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साह्याने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास उतरले. ते वैद्यकीची परीक्षा दिलेले डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. शिवाय रशियन, शिवाय यहुदी. सरकारी वैद्यखात्यातील अनेकांस हा मनुष्य रुचला नाही. त्यांनी बंगाली डॉक्टरांस बरोबर घेतले आणि गरिबांच्या बस्त्यांत जाऊन बसू लागले. कलकत्त्याच्या अशा एका बस्तीत तळ्याभोवती पटकी लागली, तेव्हा सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे तेथे पटकी पुन्हा उठली; तिचे सारे रोगी न टोचलेल्यांपैकीच निघाले. ह्या फिरतीत हाफकिन ह्यांस हिवतापाने गाठले व १८९५ साली प्रकृतीसाठी परत जावे लागले. थोडे बरे वाटताच ते पुन्हा आले.

इतक्यात मुंबईस प्लेग उतरला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गोव्याकडील डॉक्टर अकाशियो व्हिएगस ह्यांनी तो ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. तेथे आधी उंदीर मेले, मग माणसे. काखेत वा जांघेत गाठ, भयंकर ताप, बरळणे, आणि बहुधा आठवड्याच्या आत मृत्यू. लोक रेल्वेने व गलबतांनी पळाले. त्यांच्या गाठोड्यांतून व धान्याच्या पोत्यांतून पिसवाही गेल्या. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली व एक पडवी मिळाली, आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत त्यांनी लस सिद्ध केली.

ती कशी करीत हे ऐकण्याजोगे आहे. मांसाच्या रशात प्लेगचे जंतू वाढवीत; आणि हिंदूमुसलमानांच्या भावना दुखवू नयेत म्हणून ते मांस बकऱ्याचे घेत. रशावर तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांस धरून जंतू वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढत. मग तो रस तापवून सारे जंतू मारून टाकीत. मेलेल्या जंतूंनी रोग होत नाही, पण शरीर त्यांस ओळखून ठेवते, आणि खरा शत्रू आला म्हणजे त्यास लढण्यास वेळ लागत नाही. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी नेहमीच्या मात्रेहून कितीतरी मोठी मात्रा आपल्या अंगात घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांनाच त्यांनी टोचले. सुमारे निम्मे आले. न टोचलेल्यांत १२ जण पडले व ६ मेले. टोचलेल्यांत दोघे पडले, मेला कोणी नाही.

त्याच वर्षी पुण्यास काय चालले होते हेही लक्षात घ्यावे. मार्चपासून रँड साहेबांच्या हुकुमाने गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी हुडकीत, सामान बाहेर काढीत, बायकांच्या अब्रूचीही पर्वा करीत नसत. हेतू रोग अडविण्याचा होता. फळ असे आले की लोक रोगी लपवू लागले, आणि लपविलेल्या रोग्यामागे रोग वाढला. २२ जूनच्या रात्री रँड साहेबांवर गोळी झाडली गेली. पुण्याच्याच परिसरात १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने वारल्या. एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या आपल्या मुलाच्या दवाखान्यात गेल्या होत्या. त्या साथीत लोकांनी ज्यांच्या पाठीवर विश्वासाने मूल ठेवले, अशा बाई त्या एकट्याच नसतील. शिपायांजवळ मात्र कोणी आपण होऊन मूल दिले नाही.

हाफकिन ह्यांचा खेड्यातील मोठा प्रयोग फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी झाला. त्यांनी गावचे लोक घराघराने बसविले आणि प्रत्येक घरात सुमारे निम्म्यांस टोचले, निम्म्यांस तसेच ठेवले. म्हातारे, तरुण, पुरुष, बायका दोन्ही बाजूंस सारख्याच यावे अशी काळजी घेतली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारे हे लोक होते. साथ ओसरल्यावर ज्या २८ घरांत प्लेग आला होता तेथला हिशेब पाहिला. टोचलेले ७१ होते, त्यांत ३ मेले. न टोचलेले ६४ होते, त्यांत २६ मेले. आज असा प्रयोग करताना ज्यांस टोचावयाचे नाही त्यांची संमती व सोय ह्यांचा फार कडक विचार होतो, आणि तो झालाच पाहिजे. त्या २६ जणांचा विचार मनातून जात नाही. पण त्या आकड्यांनी पुढे लक्षावधी लोकांचा संशय फिटला. आगाखान महाराजांनी तर चारचौघांत स्वतः टोचून घेतले, हाफकिन ह्यांस मुंबईत जागा दिली व आपल्या अनुयायांस पुढे केले. १८९९ साली ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली.

लस म्हणजे ताईत नव्हे, हे हाफकिन ह्यांनी कधी लपविले नाही. तिचे रक्षण काही महिनेच टिके, दंड सुजे, ताप येई, आणि टोचलेल्यांतही थोडे मरत. उंदीर व पिसवा तर ती मारीत नव्हतीच. प्लेग पिसवेने पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ ह्यांनी १८९८ साली कराचीत दाखविले, आणि लोकांनी त्यांची थट्टा केली. पुढे परळलाच १९०५ नंतर त्याची कसून परीक्षा झाली. प्लेगच्या घरांत पिंजऱ्यांत गिनीपिग ठेवले. जमिनीवरचे मेले, आणि पिसू उडी मारून पोहोचणार नाही इतक्या उंच टांगलेले वाचले. खेड्यांतील लोक उंदीर पडू लागताच घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत, त्यात किती शहाणपण होते हे तेव्हा कळले. मात्र प्लेग फुप्फुसात उतरला की तो खोकल्याच्या तुषारांतून थेट माणसास लागतो; तेथे रानात जाऊनही रोग्याच्या तोंडापासून दूरच राहावे लागते.

आता आम्ही त्या प्रकरणाकडे येतो ज्याने ह्या गृहस्थाचे आयुष्य मोडले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ लोकांस प्लेगची लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून ज्या १९ जणांस टोचले, ते सर्व धनुर्वाताने मेले. बाकीचे ८८ सुखरूप राहिले. चौकशी बसली, आणि दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला. जंतुनाशक कार्बोलिक न घालण्याची नवी रीत हाफकिन ह्यांनी चालू केली होती, तिच्यावर बोट ठेवले गेले. त्यांस पद सोडावे लागले. पण पुढे कागद नीट पाहता निराळीच गोष्ट निघाली. त्या दिवशी गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि ज्वाळेत नीट न धरताच तो बुचास लावला होता. धनुर्वाताचे बीज मातीत व जनावरांच्या शेणात असते. शिवाय ते बीज मुंबईहूनच बाटलीत आले असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. ती कोणास आली नव्हती. हिवतापाचा शोध लावणारे रॉस साहेब व इतर नामांकित शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्स पत्रात हे उघडपणे मांडले, तेव्हा कोठे हाफकिन दोषमुक्त ठरले. एका चिमट्याने १९ घरे बसली, आणि लशीवरचा पंजाबचा विश्वास कित्येक वर्षे उडाला. गावी टोचणारा आला असता त्याने सुई कोठून काढली, ती नवी व बंद आहे की नाही, हे पाहणे उद्धटपणाचे नाही. उपदेशकाने व शाळामास्तराने ते जरूर पाहावे.

हाफकिन परत कलकत्त्यास आले खरे, पण परळची संस्था त्यांस परत मिळाली नाही. १९१४ साली ते निवृत्त होऊन युरोपात गेले. त्यांच्या लशीचे काम मात्र थांबले नव्हते. १८९७ ते १९२५ ह्या काळात मुंबईहून तिच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले.

आज प्लेगवर ती जुनी लस टोचीत नाहीत. वेळीच, म्हणजे पहिल्या दिवसादोन दिवसांत, जंतुनाशक औषध मिळाले तर रोगी बहुधा वाचतो. पण रोग नाहीसा झाला असे समजू नये. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मोडलेल्या व ओस पडलेल्या घरांत धान्य राहिले, उंदीर वाढले, आणि १९९४ च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला गावी पुन्हा गाठीच्या तापाची बातमी आली. तेथेही माणसांच्या आधी पिसवा वाढल्याचे व उंदीर पडल्याचे गावकऱ्यांच्या ध्यानात आले होते. पेवात वा कणगीजवळ एकाएकी उंदीर मरून पडलेले दिसले तर त्यांस हात लावू नये, मुलांस जाऊ देऊ नये, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. मेलेला उंदीर थंड पडला की त्याच्या पिसवा ऊब शोधीत निघतात.

हाफकिन ह्यांची शेवटची वर्षे पॅरिसजवळ व मग स्वित्झर्लंडातील लोझान शहरी गेली. तेथे ते २६ ऑक्टोबर १९३० रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी वारले. त्यांनी आपली मिळकत पूर्व युरोपातील यहुदी धर्मशाळांतून शिकणाऱ्या मुलांसाठी ठेवली होती. ज्या धर्मापायी तरुणपणी अध्यापकाची जागा गेली, त्याच धर्माच्या शाळा त्या होत.