कृष्णशास्त्री चिपळूणकर

पेशवाई जाऊन सहा वर्षे लोटली होती. १८२४ साली पुण्यात कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचा जन्म झाला. विश्रामबाग वाड्यातील संस्कृत पाठशाळेत त्यांनी न्याय, अलंकार व धर्मशास्त्र यांचे अध्ययन केले. हा वाडा आजही उभा आहे. मारुंजीसारख्या गावाहून पुण्यास गेलात तर अवश्य पाहा. शास्त्रीबुवांची बुद्धी अशी तीव्र, की लोक त्यांना बृहस्पतीची उपमा देत.

पाठशाळेतील विद्या आटोपल्यावर ते इंग्रजी शिकले. मग त्यांनी सॉक्रेटिसाचे चरित्र मराठीत आणले, ‘अनेकविद्या मूलतत्त्वसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला, ‘शालापत्रक’ हे मासिक चालविले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे ते प्राचार्यही होते.

एवढ्या अधिकाराच्या या पुरुषाने आणखी एक काम अंगावर घेतले. ते होते अरबी गोष्टींचे! रोज रात्री राजाला अर्धीच गोष्ट सांगून आपला जीव वाचविणारी चतुर शहरजाद, भांड्यात कोंडलेला राक्षस जाळ्यात सापडलेला कोळी, घुमटाएवढे अंडे पाहून थक्क झालेला सिंदबाद, ही मंडळी तुमच्या ओळखीची असतील. ती फार दूरचा प्रवास करून आपल्याकडे आली. आंतोन गालां नावाच्या पंडिताने १७०४ पासून या गोष्टी अरबीतून फ्रेंच भाषेत आणल्या. तेथून त्या इंग्रजीत गेल्या आणि इंग्रजीवरून कृष्णशास्त्र्यांनी त्या मराठीत उतरविल्या. ग्रंथाला नाव दिले, ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’.

न्यायशास्त्रात शब्दाशब्दाचा कीस काढणाऱ्या शास्त्र्याने जादूच्या गोष्टींत रमावे, हे कोणास विचित्र वाटेल. मला तसे वाटत नाही. राक्षस भांड्यात मावत नाही, हे शास्त्रीबुवांना कोणी सांगावयास नकोच होते. पण सिंदबादाचे गलबत फुटले, की पुढे काय झाले हे जाणण्याची उत्कंठा पंडितालाही लागते, आणि मुलालाही. म्हणून तर त्यांनी या गोष्टींना पोथीतील जड भाषा दिली नाही. घरात वडील माणसाने सांगावी तशी ओघवती, प्रौढ पण सोपी मराठी दिली. केवळ नेमून दिलेले काम म्हणून लिहिताना असा उल्हास लेखणीत येत नसतो.

काम अफाट होते. हजार रात्री, आणि वर आणखी एक! ते पुरे करण्यास पुत्र विष्णुशास्त्री पुढे आले. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करून ज्यांनी आपल्या धारदार लेखणीने भल्याभल्यांना हैराण केले, तेच हे विष्णुशास्त्री. हरि कृष्ण दामले यांनीही या कामी हातभार लावला. जॉन्सनची ‘रासेलस’ ही हबशी राजपुत्राची कथाही या पितापुत्रांनी अशीच मिळून मराठीत आणली.

कृष्णशास्त्री १८७८ साली वारले. विष्णुशास्त्रीही १८८२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. ‘सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मात्र पुन्हा छापल्या गेल्या, आणि विसाव्या शतकात निघालेल्या आवृत्तीस लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक दुर्गा भागवत यांनी प्रस्तावना लिहिली.