रक्तदाबावरील औषधाला मात्रेची शिस्त देणारे डॉ. रुस्तम जाल वकील

उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांवरील गोळ्या आज मुंबईपासून झाशीपर्यंत असंख्य घरांत नित्य घेतल्या जातात. त्यांचा गुण जसा औषधावर, तसाच तो मात्रेवरही अवलंबून असतो. ही गोष्ट ज्यांच्या कार्यातून ठळकपणे पुढे आली, त्यांत मुंबईचे ख्यातनाम हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

१७ जुलै १९११ रोजी मुंबईतील एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडन येथे वैद्यकाचे उच्च शिक्षण घेऊन १९३८ च्या सुमारास ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. उच्च रक्तदाबावर खात्रीशीर औषधच नाही, असा तो काळ होता.

सर्पगंधा ही वनस्पती भारतात शतकानुशतके वापरात होती. सर्पदंश, निद्रानाश आणि उन्माद यांवर वैद्य तिची मुळी देत असत. ती रक्तदाब उतरविते, हे कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली नोंदविले होते. मात्र जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

डॉ. वकील यांनी सुमारे दहा वर्षे हे औषध आपल्या रुग्णांवर वापरले. त्यानंतर उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना मुळीच्या चूर्णाच्या गोळ्या देऊन, उपचारापूर्वीच्या आणि नंतरच्या रक्तदाबाची तुलना त्यांनी केली. हे निष्कर्ष १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पाश्चात्त्य वैद्यकविश्वाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्यातील रिसर्पिन हे प्रभावी द्रव्य वेगळे केले.

या द्रव्यामुळे मात्रेचा प्रश्न ऐरणीवर आला. रक्तदाबासाठी दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी रिसर्पिन पुरेसे ठरते. मनोविकारांसाठी मात्र त्या काळी अनेक मिलिग्रॅम दिले जात असे. मात्रा वाढली की नाडी मंदावणे, नाक चोंदणे, सुस्ती येणे असे त्रास होत. काही रुग्णांमध्ये तीव्र नैराश्यही आढळल्याच्या नोंदी झाल्या. एकच औषध, परंतु मात्रा बदलताच त्याचा परिणाम बदलतो, हे यातून स्पष्ट झाले.

कच्च्या मुळीच्या बाबतीत ही अडचण अधिक आहे. तिच्यातील द्रव्यांचे प्रमाण झाड, जमीन आणि हंगाम यांनुसार बदलते. म्हणूनच औषधी वनस्पतींची शास्त्रीय लागवड आणि गुणवत्ता तपासणी यांना महत्त्व आहे. झाशी येथील केंद्रीय आयुर्वेद संशोधन संस्था याच क्षेत्रात कार्यरत आहे.

डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील मानाचा लास्कर पुरस्कार लाभला. १९५८ मध्ये पद्मश्री आणि १९६५ मध्ये पद्मभूषण देऊन भारत सरकारने त्यांचा गौरव केला. हृदयविकाराचा झटका येण्यापूर्वीच्या छातीतील वेदनांविषयीचे त्यांचे संशोधनही मोलाचे ठरले. २० नोव्हेंबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १९६० च्या दशकात, जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर वर्गातील औषध उपलब्ध झाले. रिसर्पिन मज्जातंतूंतील उत्तेजक द्रव्याचा साठा रिकामा करते, तर बीटा ब्लॉकर त्या द्रव्याला हृदयावर परिणाम करू देत नाही. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल ही याच वर्गातील औषधे होत. रिसर्पिनचा वापर आता फारच कमी झाला आहे.

औषधे बदलली तरी मात्रेचे महत्त्व मात्र कायम आहे. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाला बीटा ब्लॉकर अत्यल्प मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवितात. बरे वाटू लागले म्हणून ते अचानक बंद केल्यास छातीत दुखणे किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका असतो. बंद करावयाचे झाल्यास वैद्यकीय देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. एखादी गोळी चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी चावू वा कुटू नये. दमा असलेल्यांनी डॉक्टरांना तशी आगाऊ कल्पना द्यावी. साखर उतरल्याची धडधड आणि थरथर या औषधांमुळे लपू शकते, याचे मधुमेहींनी भान ठेवावे. नाडी फार मंदावणे, भोवळ येणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसताच वैद्यकीय सल्ला घ्यावा. रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत सर्पगंधायुक्त औषधेही परस्पर घेऊ नयेत.

परंपरेने चालत आलेल्या मुळीला डॉ. वकील यांनी मोजमापाच्या कसोटीवर तपासले. रोजची गोळी ठरल्या मात्रेत आणि ठरल्या वेळी घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाला आजही त्याच कसोटीचा आधार आहे.