इंद्रायणीस अर्पण केलेली खते

आज तुकाराम बीज. चिंचवड आणि चाकण येथील कारखान्यांच्या मधोमध वसलेली देहू आज वारकऱ्यांनी फुलून गेली आहे. या दिवशी आम्हांस स्मरण होते ते १६२९-३० च्या भीषण दुष्काळाचे.

बोल्होबा व कनकाई या मातापित्यांचे छत्र तुकोबांच्या मस्तकावरून आधीच हरपले होते. त्यात दुष्काळाने थोरली पत्नी अन्नावाचून नेली. पुत्र संतूही गेला. सुखवस्तू वाण्याचे दिवाळे निघाले. अशा वेळी उरलेले धन माणूस अधिकच घट्ट धरून बसतो. तुकोबांनी मात्र कर्जखतांपैकी निम्मी धाकटे बंधू कान्होबांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. घरात भूकबळी पाहिलेल्या माणसाने भुकेल्याच्या दारी वसुलीस जावे तरी कसे?

पुढे ते भंडाऱ्याच्या डोंगरावर नामचिंतनात रमले. रागावणारी जिजाई भाकरी घेऊन तो डोंगर चढतच राहिली. तिच्या त्या पायपिटीतही आम्हांस भक्तीच दिसते.

१६५० साली याच तिथीस तुकोबांनी इहलोक सोडला. मृत्यूने घर रिते केले, तेव्हा त्यांनी अवघे गावच आपले घर मानले. बीजेचा खरा प्रसाद हाच, असे आम्ही समजतो.