हाती आलेली पाने

दिवाळीत तीनपत्तीचा डाव रंगला, की हाती फालतू पाने असूनही बेधडक चाल करणारा एखादा काका घरोघरी सापडतोच. लोक त्याला नशीबवान म्हणतात. पण त्या थापेमागे शास्त्र असू शकते, हे जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांनी सिद्ध केले.

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधील एका ज्यू बँकरच्या घरी त्यांचा जन्म झाला. पोटापाण्यासाठी म्हणून त्यांनी झुरिचला रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९२६ मध्येच बुडापेस्टहून गणिताची डॉक्टरेटही मिळवली. बुद्धिबळात सारे काही पटावर उघडे असते. व्यवहारात मात्र समोरच्याची पाने झाकलेली असतात. म्हणून त्यांना पोकरचे आकर्षण वाटले. १९२८ मध्ये त्यांनी अशा खेळांच्या गणितावर निबंध लिहिला. पुढे अमेरिकेत, अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ मध्ये ग्रंथ काढला, त्यात पोकरला ऐसपैस जागा दिली.

पाने हाती येताच कोणती खेळावीत? पोकरचा एक सोपा नमुना घेऊ. खेळाडू दोनच, आणि बोली डावातल्या रकमेइतकीच. उत्तर चकित करणारे येते. पानांचे नऊ समान दर्जे कल्पिले, तर वरच्या दोन दर्जांवर बोली लावावी, मधल्या सहांवर गप्प राहावे आणि अगदी तळच्या एकावर पुन्हा बोली लावावी! मधली पाने उघड केल्यावरही जिंकू शकतात; तळच्यांना थापेशिवाय तरणोपाय नाही. शिवाय अधूनमधून थाप मारली नाही, तर चांगल्या पानांवर पैसे लावायला कोण येईल?

मात्र समोरच्याला हरण्याची भीती असेल, तरच थाप चालते. इंटरनेटवरच्या फुकट स्पर्धांत गमावण्यासारखे काही नसल्याने पुष्कळजण पाने टाकतच नाहीत. तिथे चांगल्या पानांची वाट पाहणेच शहाणपणाचे.

गंमत म्हणजे स्वतः नॉयमन पोकरमध्ये बेताचेच होते. सहकारी निकोलस मेट्रोपोलिस यांनी त्यांच्याकडून दहा डॉलर जिंकले, पाचांत त्यांचाच ग्रंथ घेतला आणि उरलेले पाच त्याच्या आतल्या पानावर चिकटवले.

अणुबाँबच्या कामात आणि संगणकाच्या घडणीत नॉयमन यांचा मोठा वाटा होता. १९५५ मध्ये त्यांना कर्करोगाने गाठले. ते मृत्यूला फार भ्यायले होते, असे जवळचे लोक सांगत. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

साठ वर्षांनी, २०१७ मध्ये, लिब्रेटस नावाच्या संगणक प्रणालीने पोकरच्या चार अव्वल व्यावसायिकांना हरवले. तिचा खेळ उभा होता तो नॉयमन यांनी घातलेल्या पायावरच, आणि थाप कधी मारायची, हेही तिला ठाऊक होते.